कबड्डीची पकड

जळगावहून धुळ्याला पोहोचेपर्यंत एसटीत कंबर धरली होती, आणि अंतिम सामना भर दुपारी. मी बास्केटबॉलची पंच. बॅगेत शिट्टी, जादा शिट्टी, गुडघ्याचा पट्टा, साखर-मीठ, सगळं ठरल्या क्रमानं. हल्ली पट्टा आधी बाहेर निघतो.

शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेच्या मुली पहिल्यांदाच अंतिम फेरीत आल्या होत्या. एक मुलगी आजारी पडली, राखीव कुणी नव्हती, म्हणून त्यांच्या सरांनी कबड्डीतली एक घेऊन पाच पूर्ण केल्या होत्या. समोर धुळ्याचा संघ.

मध्यंतराआधी धुळ्याची एक मुलगी चेंडू घेऊन बास्केटकडे एकटीच सुटली. कबड्डीवालीनं मागून तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली. टाळ्या पडल्या. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन स्वतःचंच मनगट धरलं. खिलाडूवृत्ती सोडून केलेला फाऊल: दोन फ्री थ्रो, वर चेंडूही समोरच्यांनाच.

"ओ मॅडम, कबड्डीत याला पॉइंट देतात!" कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं.

सर धावत आले. "ताई, तिनं मारलं का कुणाला? नुसतं धरलं."

"चेंडूकडे हातच नव्हता, सर. अजून एकदा असं झालं की ती बाद."

त्यांनी तिला समजावलं. तिनं मान हलवली.

शेवटच्या मिनिटाला खेड्याचा संघ एका गुणानं पुढे होता आणि धुळ्याची तीच मुलगी पुन्हा सुटली. धरू नकोस गं बाई, असं मनात आलं तोवर कबड्डीवालीनं धरलंही. माझा हात पुन्हा वर गेला.

बाद खेळाडूला बाकावरही बसता येत नाही. ती फाटकाबाहेर गेली. दोन्ही फ्री थ्रो आत पडले, आणि उरलेल्या चौघींच्या हाती चेंडू काही लागला नाही. सामना एका गुणानं गेला. सरांनी माझ्याकडे न बघता गुणपत्रकावर सही केली.

स्टँडकडे निघाले तर ती फाटकाशीच उभी. आता ही रडणार, नाहीतर भांडणार. दोन्हीला माझ्यात त्राण नव्हतं.

"मॅडम, ती पुढे निंघी गयी, मंग काय करानं?"

"आधीच धावून तिच्या समोर उभं राहायचं."

"आनि पोचता उनं नही तर?"

"मग सोडून द्यायची."

"सोडी देवानी?"

तिचा काही केल्या विश्वास बसेना. मी "हो" म्हटलं आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.