राखुंडी आणि दाढेची खरखर

दाढेत सिमेंट भरलं तेव्हाच लोणावळ्याच्या दातांच्या डाक्तरीणबाईंनी बजावलं होतं, "आबा, आता राखुंडी बंद. मऊ ब्रश आणि पेस्ट." मी मान हलवली आणि घरी येऊन राखुंडीच लावली.

ती बायकोच्या हातची होती. गोवऱ्या जाळून, त्यात मीठ आणि लवंग कुटून माझ्यासाठी डबा भरून ठेवायची. स्वतः मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की औंढ्यातल्या आमच्या घरात सगळ्यांना ठसका. मग तिच्या जिभेच्या डाव्या कडेला फोड आला. तो काही बरा झाला नाही. शेवटी पाणीसुद्धा गिळवेना. ती गेली, डबा मागं राहिला, निम्मा भरलेला. तो मी कसा टाकणार?

भरलेली दाढ पुढं पुढं जिभेला खरखरीत लागायला लागली. कोबा घोटायचा राहून जावा, तशी. जीभ सारखी तिथंच जायची. राखेनं भांडी गुळगुळीत होतात, मग दाढ का होणार नाही, असं म्हणून मी संध्याकाळीही राखुंडी लावू लागलो, दाबून. खरखर वाढली. आणि एका सकाळी चूळ भरताना जिभेची आग झाली. आरशात बघितलं. डावी कड. लाल, मधे पांढरं.

बायकोचंही असंच सुरू झालं होतं.

कुणाला बोललो नाही. भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागलो. पण सुनेच्या नजरेतून काय सुटतंय!

"आबा, ठेचा का न्हाई घेतला? माज्या हातचा नको झाला का?"

"लय तिखट करतीस."

"परवा तर मिळमिळीत म्हणून नाक मुरडलंत! जीब दाखवा बघू."

"मी काय बैल हाय का?"

"बैल बरा. त्यो तोंड तरी उघडतो."

तिनं मोबाइलचा उजेड पाडला आणि तिचं हसणं तिथंच थांबलं. सासूच्या नाकातल्या नळीतून पेज हिनंच घातली होती. तिला काय सांगायचं?

"उद्या लोनावळ्याला जायचं."

"भात कापायचा हाय."

"भात थांबंल."

दवाखान्यात बसल्या बसल्या मी विचारलं, "बाई, सरळ सांगा. कॅन्सर हाय का?"

त्यांनी जीभ फडक्यात धरून सगळीकडून बघितली, गळा चाचपला. "आत्ता सांगता येणार नाही. पण भरलेली दाढ घासते, बरोबर तिथंच जखम आहे. आधी खरखर काढू. पंधरवड्यात भरून आली नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा. बायकोच्या वेळी हाच शब्द पहिल्यांदा ऐकला होता.

"राखुंडी लावता का अजून?"

सून म्हणाली, "रोज. आता तर दोनदा."

"अहो आबा, राखेतली कचकच त्या भरलेल्यावर ओरखडे काढते. तुम्ही जितकं घासलंत, तितकं ते खरखरीत झालं."

मग मशीन सुरू झालं. आधी जाडसर चकती, मग बारीक, मग रबराचं टोक. बंगल्यांवर मी फरशीला पॉलिश करायचो, तिथंही आधी जाड दगड, मग बारीक. पण तिथं फरशी भीत नव्हती. मी खुर्चीचे हात आवळून धरले होते.

"जीभ फिरवा. काय लागतं?"

"मागं जरा लागतंय."

"मला दिसत नाही ते तुमच्या जिभेला कळतं. सांगत राहा."

दाढ कुठं जास्त टेकते ते बघायला निळा कागद चावायला दिला, पुन्हा घासलं. शेवटी जीभ दाढेवरून सरकन निघाली. दाढ गुळगुळीत झाली. जखम होती तिथंच होती.

तो पंधरवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. सून रोज बघायची आणि म्हणायची, "कमी झालंय, आबा." मला पटायचं नाही. बायकोलाही आम्ही शेवटपर्यंत हेच म्हणत होतो, कमी झालंय.

पुन्हा गेलो. डाक्तरीणबाईंनी दिवा जवळ घेतला. "भरली जखम."

"परत बघा."

"बघितलं, आबा."

"परत बघा म्हनतो ना!"

त्यांनी न रागावता पुन्हा बघितलं. काहीच नव्हतं. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. सून शेजारी येऊन बसली.

घरी आल्यावर तिनं डबा उचलला. "ह्या राखेनं तांबं घासू का? सपून तरी जाईल."

"ठिव खाली."

डबा फडताळात आहे. मी पेस्ट लावतो, गोडसर, मिळमिळीत. मग दाढेवरून जीभ फिरवतो. गुळगुळीत लागते. तरी खिडकीशी जाऊन आरशात जिभेची डावी कड बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.