घरात नसलेला जिना

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक कादंबरी आहे. ती ज्या भाषेत लिहिली गेली ती भाषा तुम्हाला येत नाही, तिची अक्षरंसुद्धा ओळखता येत नाहीत. पण कुणा तिसऱ्या माणसाने ती त्याच्या भाषेत आणलेली आहे आणि ती भाषा तुम्हाला चांगली येते. आता त्याचं वाचून तुम्ही ती आपल्या भाषेत लिहायची. म्हणजे लेखक पहिल्या खोलीत बोलतोय, मधल्या खोलीतला माणूस ते ऐकून पुढे सांगतोय आणि तुम्ही तिसऱ्या खोलीत बसून लिहून घेताय. मधल्या माणसाचं तोंड तुम्ही कधी पाहिलेलं नाही. किती विश्वास ठेवाल त्याच्यावर?

भिंगने अजिबात ठेवला नाही.

भिंग हे तिचं कारखान्यात पडलेलं नाव. पाणी तापवायची आणि कपडे धुवायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तिने बावीस वर्षं माहितीपुस्तिका आपल्या भाषेत आणल्या. तिची पद्धत ठरलेली होती. आधी मूळ मजकूर वाचून यंत्राचं चित्र काढायचं, बटण कुठे, झाकण कुठे, नळी कुठून येते. चित्र जमलं तरच लिहायला घ्यायचं. एकदा चित्र काही केल्या जमेना, तेव्हा ती उठून सरळ इंजिनिअर लोकांच्या खोलीत गेली.

"या पुस्तिकेप्रमाणे वागलं तर झाकण उघडताना हातावर उकळतं पाणी येईल."

"बाई, तुम्ही भाषांतर करा. यंत्राचं आम्ही बघतो."

चौथ्या दिवशी मूळ पुस्तिकाच मागे घेतली गेली. तेव्हापासून ती भिंग. लोक तिच्यासमोर कागद ठेवताना जरा जपूनच ठेवायचे.

पण त्या बावीस वर्षांत तिचं नाव कुठे छापून आलं नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कारखान्याचा पत्ता असायचा, छापखान्याचं नाव असायचं, तक्रारीसाठी फोन नंबर असायचा. वाक्यं लिहिणाऱ्या बाईचा पत्ता नाही. पुढे ते खातंच बंद झालं आणि चोपन्नाव्या वर्षी भिंग घरी बसली. घर म्हणजे ती आणि तिची थोरली बहीण. ताईचा गुडघा दुखरा आणि जीभ ठणठणीत.

मग एके दिवशी एका प्रकाशनाच्या संपादकांचा फोन आला. त्यांनी पाणी तापवायचं यंत्र घेतलं होतं आणि पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती. "माझ्या आयुष्यात मी पूर्ण वाचलेली ही पहिली पुस्तिका," ते म्हणाले. "कुठे अडखळलो नाही. कारखान्यात विचारून तुमचा नंबर काढला. कादंबरी कराल?"

भिंगला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. तिने त्यांचं कार्यालय प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, दारावरची पाटी वाचली, जिन्यात भेटलेल्या शिपायाला दोन प्रश्न विचारले आणि मगच सही केली. करारात एक ओळ होती: मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव येईल. ती ओळ तिने चार वेळा वाचली.

"काही खोट सापडली का?" ताईने विचारलं.

"नाही सापडली. म्हणून तर परत वाचतेय."

"तू जन्मलीस तेव्हा सुईणीचं ओळखपत्र मागितलं असशील."

कादंबरी साधी होती. एका थंड देशातलं, अर्धं जमिनीत गाडलेलं घर. त्यात एक आई. तिचा मुलगा एके सकाळी न सांगता निघून जातो आणि परत येत नाही. पुढची दोनशे पानं ती आई जगते, एवढंच.

भिंगने पद्धतीप्रमाणे घराचा नकाशा काढला. दार दक्षिणेला, चूल मधोमध, गुरांची जागा भिंतीपलीकडे, मुलाचं अंथरूण चुलीच्या डाव्या हाताला. मग मधल्याला, म्हणजे मधल्या भाषेतल्या अनुवादकाला, मेल पाठवून एकेचाळीस प्रश्न विचारले. घरात त्याचं नाव मधलाच पडलं होतं. ताई रोज चौकशी करायची, "मधल्याचं आलं का काही?" जणू तो घरातला मधला भाऊच होता.

मधला चोख निघाला. भिंगने विचारलं होतं, पाचव्या पानावरची बाई मुलाची आत्या की मावशी? तुम्ही नुसता एकच शब्द वापरलाय, आमच्याकडे तो चालत नाही. त्याने लिहिलं, "त्यांच्या भाषेतही एकच शब्द आहे. पण चौथ्या प्रकरणात ती मुलाच्या वडिलांकडच्या आजोबांच्या कुऱ्हाडीवर हक्क सांगते. वडिलांची बहीण धरा." भिंगला उत्तर आवडलं. माणूस पुरावा देऊन बोलत होता.

त्या देशात पाहुणा निघताना काही बोलत नाही, कप उपडा ठेवतो आणि उठतो. संपादक म्हणाले, "तिथे तळटीप द्या, वाचकाला कळायचं नाही."

"बावीस वर्षं तळटिपाच दिल्या साहेब. लोक त्या बोट भाजल्यावर वाचतात."

तिने वेगळीच युक्ती केली. पुस्तकात पुढच्याच वाक्यात मुलगा पाहुण्याचे जोडे आणून ठेवतो. तिने लिहिलं, कप उपडा झाला तशी मुलाने जोडे आणले. 'तशी' हा शब्द तिचा होता. एका शब्दात काम झालं आणि तळटीप टळली.

अकराव्या प्रकरणात मात्र चित्र जमेना.

तिथे एक पूर्ण पान असं होतं. मुलगा गेल्यावर आई रोज संध्याकाळी जिना चढून त्याच्या खोलीपर्यंत जाते. चौदा पायऱ्या. नवव्या पायरीवर थांबते, कारण लहानपणी तो तिथे बसून रुसायचा. दारापर्यंत जाते, आत न जाता परत येते, आणि उतरताना नववी पायरी सोडून पाय टाकते. जणू तिथे कुणी बसलंय.

पान सुरेख होतं. पुस्तकातलं सगळ्यात सुरेख. भिंगचे डोळे भरून आले. मग तिने ते पुसले आणि नकाशा पुढे ओढला.

घराला जिना नव्हता.

तिने पूर्ण पुस्तक पुन्हा चाळलं. माणसं आत येतात, बाहेर जातात, खाली वाकतात. वर कुणीही जात नाही. आणि मुलाचं अंथरूण तर चुलीच्या डाव्या हाताला, मग खोली कुठली? तिला आठवलं, एकेचाळीस प्रश्नांपैकी चाळिसांचीच उत्तरं आली होती. सत्तावीस नंबर गाळलेला होता. पहिल्या वाचनातच लिहून ठेवलेला सत्तावीस नंबरचा प्रश्न होता: जिना कुठे आहे?

तिने पुन्हा विचारलं. मधल्याने कादंबरीतल्या देशातल्या थंडीबद्दल दीड पान लिहिलं.

"लपवतोय," भिंग म्हणाली.

"विसरला असेल."

"आत्याची कुऱ्हाड आठवते आणि जिना विसरतो?"

तिने संपादकांकडून मूळ पुस्तकाची प्रत मागून आणली. वाचता येत नव्हतं, पण मोजता तर येत होतं. मूळ प्रकरण आणि मधल्याचं प्रकरण, दोन्हींच्या ओळी तिने मोजल्या. प्रत्येक प्रकरणात मधल्याच्या ओळी साधारण दहाव्या हिश्शाने जास्त भरत. अकराव्यात थेट दीडपट.

पद्धत मोडून तिने ते प्रकरण कच्चं लिहून संपादकांना आधीच पाठवलं होतं. त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "बाई, ते जिन्याचं पान! काय आणलंय तुम्ही! एका मासिकात आधी तेच छापून येतंय, आणि पुस्तकाच्या मागच्या बाजूलाही तेच. वर तुमचं नाव. तीन आठवड्यांत छपाई."

भिंगने फोन ठेवला. बावीस वर्षांनी नाव छापून येणार होतं, आणि तेही नेमकं ज्या पानाबद्दल तिची खात्री नव्हती त्याच पानावर.

आता मूळ भाषा येणारा माणूस हवा होता. तो ताईच्या गुडघ्याने मिळवून दिला. दवाखान्यात व्यायाम करून घेणारा नवा फिजिओ त्याच देशातला निघाला. चार वर्षं इथे राहून आपली भाषा बोलायला शिकला होता आणि दिसेल त्या बाईला मावशी म्हणत होता.

"मी तुझ्या कोणत्या आईची बहीण रे?" ताईने पहिल्याच दिवशी त्याला झापलं होतं.

"मावशी, आमच्याकडे सगळ्यांना एकच शब्द. इथे मला नापास व्हायची भीती वाटते. म्हणून सगळ्या मावशी."

भिंगने त्याला लगेच अकरावं प्रकरण दिलं नाही. काय शोधायचं ते आधी सांगितलं की माणसाला तेच सापडतं, हे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तिने दुसरं प्रकरण वाचायला लावलं, त्यातला सगळा तपशील तिला माहीत होता. ताईच्या गुडघ्यावर शेक चालू असायचा तेवढी वीस मिनिटं तो वाचायचा आणि सांगायचा. भिंग वहीत टिपून घ्यायची. परीक्षेत तो पास झाला. तेव्हा तिने अकरावं पुढे केलं.

तो सावकाश सांगत गेला. मुलगा गेला. शेजारीण आली. आईने चूल पेटवली, वाढून घेतलं. मग तो थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "तिने दाराकडे पाहिलं. ती जेवायला बसली नाही." आणि पुढचा परिच्छेद शेजारणीच्या गाईचा.

"मध्ये काही राहिलं?"

"नाही, मावशी."

दोन दिवसांनी तिने तेच प्रकरण पुन्हा वाचून घेतलं. तो त्याच जागी थांबला आणि तेच म्हणाला. जिना नाही, पायऱ्या नाहीत, खोली नाही.

"आता तरी सुखी हो," घरी येताना ताई रिक्षात म्हणाली. "माझा गुडघा आणि तुझा चोर, दोन्ही एकाच दवाखान्यात सापडले."

भिंग सुखी नव्हती. तिने संपादकांना जाऊन सगळं दाखवलं: नकाशा, ओळींचा तक्ता, वही. संपादकांनी तक्ता बाजूला सारला.

"लेखिका जाऊन पुष्कळ वर्षं झाली, बाई. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

"ते पान काढलं तर मासिकवाले घेणार नाहीत. मागच्या बाजूलाही काही उरणार नाही. लोक पुस्तक उचलून काय वाचतील? गाईबद्दल?"

"पण नाव माझं आहे त्यावर. मी लिहायचं की हे त्या बाईंचं आहे, आणि ते असणार दुसऱ्याच कुणाचं."

"तुमचं नाव काढलं तर चालेल?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला की मुद्दाम, ते भिंगला कळलं नाही. ती म्हणाली, "नाव राहील. पान जाईल."

त्या संध्याकाळी तिने मधल्याला शेवटचा मेल केला. यादी नाही, नंबर नाही. एवढंच लिहिलं: तो जिना कोणत्या घरातला आहे?

या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

"कुणी घराचा नकाशा काढेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जिना माझ्या घरातला आहे. पायऱ्या चौदाच आहेत. पण मी तो चोरून घातला नाही. त्या देशात बाई वाढलेलं अन्न तसंच ठेवून दाराकडे बघत राहिली, की वाचणाऱ्याला सगळं समजतं. माझ्या देशात ते वाचून लोक म्हणतील, बाई थंड आहे. आमच्याकडे दुःखाला काहीतरी काम द्यावं लागतं. मी तिला पायऱ्या दिल्या. तुम्ही काय देणार, ते तुम्ही ठरवा. तुम्हीही कुठेतरी काहीतरी दिलंच असेल."

भिंगने मेल बंद केला. तिला 'तशी' आठवला. एक शब्द. एक शब्द आणि एक पान यांत फरक आहे, हे तिने स्वतःला दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावायला गेली तर नेमका फरक कुठे सुरू होतो ते सांगता येईना. ओळी मोजून ते कळण्यासारखं नव्हतं.

तरी पान गेलं. तिथे भिंगने लिहिलं: तिने दाराकडे पाहिलं. ती जेवायला बसली नाही. ती दोन वाक्यं तिने एकवीस वेळा लिहिली आणि प्रत्येक वेळी तशीच लिहिली.

पुस्तक आलं. मासिकाने काही छापलं नाही. मागच्या बाजूला कपाच्या प्रसंगातल्या चार ओळी होत्या. पुढे, लेखिकेच्या नावाखाली, बारीक पण स्वच्छ अक्षरांत भिंगचं नाव. ताईने त्यावरून बोट फिरवलं, मग चष्मा लावून तीन दिवसांत पुस्तक वाचून संपवलं.

"कसं आहे?"

"छान आहे गं. कुठे अडलं नाही." ताईने पुस्तक मिटलं. "पण ती आई जरा कोरडीच, नाही? पोटचा पोरगा गेला आणि बाईला काही वाटलंच नाही."

भिंग उठली. तिने कपाटातून वही काढली आणि अकराव्या प्रकरणाची नोंद उघडली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'वाढून घेतलं' नंतर थांबला, अंदाजे आठ सेकंद. वाचता येत नसावं? आणि खाली, दोन दिवसांनंतरची नोंद: पुन्हा त्याच जागी थांबला. वाचनाबद्दल शंका.

दुसऱ्या दिवशी ती ताईला न घेताच दवाखान्यात गेली. खिडकीतल्या बाईने सांगितलं, तो फिजिओ गेल्या महिन्यातच नोकरी सोडून त्याच्या देशात परत गेला. पत्ता ठेवलेला नाही.

भिंग बाकावर बसली. वही मांडीवर उघडीच होती. त्याच्या बाकी सगळ्या वाचनात असा थांबा एकदाही नव्हता; तसा असता तर तिने तो नक्की टिपला असता. त्याला दिसलेल्या दोन वाक्यांत आई काहीच करत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. त्या देशात वाचणाऱ्याला तेवढ्यानेच सगळं समजतं, असं मधल्याने लिहिलं होतं. मग त्या आठ सेकंदांत तो काय करत होता?