रांग चुकवणारी खुर्ची

मायक्रोवेव्हमधल्या बटर पॉपकॉर्नचा वास आला की मला आजही ॲडम्सटाउन या आयरिश उपनगरातली ती दुपार आठवते. मित्राच्या घरी आम्ही दोन कुटुंबं मुलांना अमेरिकेत कुठे न्यायचं ते ठरवत होतो. मला ग्रँड कॅन्यन दाखवायचा होता, मुलांना ऑरलँडोच्या राइड्स हव्या होत्या. पॉपकॉर्नचा तेलकट वास सोफ्यालाही चिकटला होता आणि मित्र लॅपटॉपवर तिथल्या लांबलचक रांगा दाखवत होता. "टेन्शन नको," तो एकदम म्हणाला, "आईला नेऊ. तिला व्हीलचेअरवर बसवलं की आपल्या कुणालाच रांगेत थांबायला नको." त्याची आई नागपूरहून आली होती. रोज नातीला चालत शाळेत सोडणारी ती बाई समोरच मटार सोलत होती. मी म्हणालो, "अरे, त्यांचे पाय तर ठणठणीत आहेत." "तिथे कोण बघतंय? इट्स ग्रँड, यार, चालतं सगळं!" सगळे हसले. नात तेवढी म्हणाली, "दॅट्स रॉटन, डॅड." आई मान वर न करता म्हणाली, "बसतो ना मी. पोरायले मजा आली पाह्यजे." मला मित्राची इतकी किळस आली की आम्ही येणार नाही, असं सांगून मी उठलोच. ते ऑरलँडोला गेले. उन्हाळ्यात त्याने फोटो पाठवला. बाकीचे राइडमध्ये हात वर करून ओरडत होते, आणि खाली, कठड्याबाहेर, आई खुर्चीत बसली होती, मांडीवर सगळ्यांच्या बॅगा घेऊन. तो अजूनही विचारतो, पुढच्या वर्षी एकत्र जायचं का?