आत्याच्या नावाचं तूप

आधीच सांगते, भूतबित माझ्या डोक्यात बसत नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी चेकिंग करते मी, डोळ्यांना दिसेल तेच पास! पण या दिवाळीत दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यात जे झालं, ते काही केल्या पास होत नाहीये...

आमच्यात दिवाळीला चुलीतले निखारे काढून, पूर्वजांचं एकेक नाव घेत त्यावर तूप-गूळ टाकतात. भडका उठला की त्या माणसाला पोचलं. बाच्या आत्याच्या, सोमलीच्या नावानं मात्र कधीच भडका उठला नाही. नुसता धूर. लहानपणीच दुष्काळात मेलेली पोर, असं सगळे सांगायचे. बा आता खाटेला खिळलेत आणि एकच धोशा — "मी जायच्या आधी आत्याले पोचू दे वं."

त्यावर चुलतकाकू बोलून गेली, "मेली कायची? पादरीसायबाच्या दारात सोडून आलते तिले!"

डोकंच फिरलं माझं. गेले बाजाराच्या रस्त्यावरच्या, इंग्रजांच्या वेळच्या चर्चमध्ये. तिथल्या बाईंनी जुनी रजिस्टरं काढून दिली. त्या वेळच्या पादरीसाहेबानं सगळं लिहिलेलं — बापाचं नाव, तांड्याचं नाव, बैलांवर मीठ वाहणारे लोक. आणि पोरीचं नाव? मार्था! अरे, बापाचं नाव विचारलंस, तिचं विचारताना तोंड झिजत होतं का तुझं? दफनाच्या नोंदीत पुन्हा तीच मार्था, बापाचं तेच नाव. म्हातारी होऊन गेली. म्हणजे अख्खा जन्म ती तिथेच होती, बाजाराच्या रस्त्यावर.

बाला सांगितलं, तर भिंतीकडे तोंड करून रडले. "त्याच रस्त्यानं बैल घेऊन जात होतो मी... कोणी सांगितलं काहून नाही?"

दिवाळीला त्यांची खाट अंगणात आणली. "सोमली आत्या, घे." धूर. मग हळूच म्हणाले, "मार्था आत्या... घे." असा भडका उठला की बाच्या हातावरचे केस जळले! मी चिडून त्याच निखाऱ्यांवर, सोमली म्हणत, पुन्हा तूप ओतलं. धूर.

तेच निखारे, तेच तूप. कारण आजही सापडत नाही. बा तेव्हापासून शांत झोपतात, मी नाही. आधी राग साहेबावर होता. मग तिच्यावर आला, आमचं नाव टाकलं म्हणून. पण आधी तिला टाकलं कोणी होतं?