पोस्टवरचा पाद्री

उत्तरेत चौदा हजार फुटांवर आमची पोस्ट होती. माणसं अकरा, स्टोव्ह दोन, ख्रिस्ती एक. तो मी. सुभेदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला पाद्री ठरवलं. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, पोस्टचा रेडिओ ऑपरेटर. आईच्या धाकानं रविवारी चर्चला जायचो. धर्मावरची पुस्तकं मात्र पुष्कळ वाचली होती आणि अडचण तिथंच होती. प्रत्येक पुस्तकानं एकेक शंका वाढवली होती.

एकदा माझ्या प्रार्थनेनंतर गस्तीला निघालेली तुकडी वेळेआधी परतली. सैन्यात एवढा पुरावा पुरतो. तेव्हापासून दोरी बांधली, हत्यारं तपासली की पाद्रीची प्रार्थना, असं ड्रिल झालं.

गस्तीचा कमांडर नायक दत्तू, हुपरीचा. घरी चांदीचे पैंजण घडवतात. त्याची बोटं थंडीतही दोरीची गाठ एका दमात मारायची. एका सकाळी त्याला खरं ते सांगून टाकलं.

"दत्त्या, देव ऐकतो का, मला खात्री न्हाय."

"मला तरी कुठं हाय? तू म्हण की! माझी आई रोज सा देवांस्नी सांगती. सातवा तुझा."

०९१५ ला चौघं निघाले. ११०० ला बर्फाचं वादळ आलं. ११२० नंतर सेट गप्प.

"टायगर वन, रिपोर्ट. ओव्हर."

नुसती खरखर. पंधरा मिनिटं मी हाका मारल्या. सुभेदारसाहेब म्हणाले, "पाद्री, चालू कर."

पाठ केलेली प्रार्थना आठवेना. तोंडातून आलं ते असं : "देवा, तू हाईस का न्हाईस, मला ठावं न्हाय. असलास तर दत्तूला आण. नसलास तरी आण."

डोळे उघडले तेव्हा अंगठा हँडसेटच्या स्विचवर होता. तो दाबलेला असला की आपलं बोलणं सगळीकडे जातं, दुसऱ्याचं काही येत नाही. अंगठा काढला, तसा दत्तूचा आवाज आला.

"पाद्री, स्विच सोड की रं! कवापासनं बोलायलोय! बॅटरी गारठलेली, कोटात धरून गरम केली. खडकाआड हाय, चौघं ठीक. आन तुझं हाईस का न्हाईस समद्यांनी ऐकलंय. ओव्हर."

१४५० ला चौघं परतले. सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"शंका सेटवर बोलायची न्हाय. प्रार्थना बरी हुती."

दोन महिन्यांनी स्वच्छ उन्हात गस्तीवरच्या चौघांवर बर्फाचा कडा सुटला. तिघं जिवंत सापडले. दत्तू नाही. त्या सकाळीही प्रार्थना झाली होती. हे लिहिलं नाही तर रिपोर्ट अपुरा राहील.

वर्षभर मी देवाशी बोललो नाही. मग एका रविवारी भांडायला म्हणून चर्चमध्ये गेलो. भांडायचं तरी समोर कुणीतरी आहे असं धरावं लागतं, हे मागच्या बाकावर बसल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून जातो. शंकाही बरोबर येतात, शेजारी बसतात.

आता निवृत्त आहे. दत्तूच्या स्मृतिदिनी हुपरीत कार्यक्रम असतो. मंडप, हार, तासभर उशिरा येणारे प्रमुख पाहुणे. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांनी भाषणात हुतात्म्याचं नावच बदललं. मी मागच्या दारानं घरात जातो. दत्तूची आई चहा ठेवते.

यंदा कप पुढं करत तिनं विचारलं, "लेकरा, तुझ्या देवाला आमचा दत्तू ठावा हाय न्हवं?"

"व्हय, काकू."

नोकरीत वरिष्ठांना मी काही खोटे रिपोर्ट दिले आहेत. हा त्यातला नव्हता.