आत्याचा नेम आणि नववा भाग

आत्या वाचत असलेल्या प्रेमकथेचा शेवट मी तिला सांगून टाकला, आणि तोही तिचं सांत्वन करता करता. झालं असं की बिबवेवाडीला तिच्या घरी गेलो होतो. ती आत चहा टाकत होती आणि टीपॉयवर एक जपानी चित्रकथा पडलेली होती, इंग्रजीत भाषांतर केलेली. मी आपलं नेहमीच्या सवयीने पहिलं पान उघडलं. एक मध्यमवयीन जोडपं गच्चीवर, घट्ट मिठीत. पुढे चाळत गेलो तर दोघं हळूहळू लांब जायला लागली, मग भांडली, मग परक्यासारखी वाकून नमस्कार करायला लागली, आणि अगदी शेवटी बसथांब्यावर एकमेकांकडे पाठ करून उभी. मला मनापासून वाईट वाटलं. आत्या कप घेऊन आली तेव्हा म्हणालो, "आत्या, या वयात असलं दुःखी का गं वाचतेस? एवढं प्रेम, आणि शेवटी साधी ओळखसुद्धा राहत नाही."

आत्याने कप ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात, नंदू. तू शेवटापासून सुरुवात केलीस." मग बशी माझ्याकडे सरकवत, "म्हणजे गच्चीवर मिठी मारतात तर. बरं झालं सांगितलंस, मी उगाच वाचत बसले असते."

ही माझी सख्खी आत्या. लग्न केलं नाही, सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्यात तिचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर कागद मिळेनात तेव्हा तिने आम्हा नातेवाइकांवर काम भागवलं. या पुस्तकांचा नाद तिला लागला तो आमच्या लेकीमुळे. सई शिकायला परदेशी गेली, आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून तिची खोकी आत्याच्या माळ्यावर गेली. एका दिवाळीत आत्याने धूळ झटकायला खोकं उघडलं आणि त्या वर्षी तिच्याकडे चकल्या झाल्याच नाहीत.

सईच्या त्या संग्रहात शाळकरी पोरापोरींच्या गोष्टी होत्या, त्या आत्याने बाजूला काढल्या. तिला आवडायच्या त्या मोठ्या माणसांच्या. विशेषतः एक लांबलचक मालिका: टपाल कचेरीतली पंचेचाळिशीची बाई आणि समोरचा नूडल्सच्या दुकानाचा घटस्फोटित मालक. भागामागून भाग जातात आणि तो तिला फक्त छत्री देतो, ती परत करते. मी विचारलं, यात काय एवढं? आत्या म्हणाली, "आपल्याकडच्या गोष्टींत तिशीनंतर माणसं नुसती आईबाप होतात. इथे त्यांना अजून पोटात गोळा येतो." काही पानं चांगलीच धीट होती. तिच्या मैत्रिणी आल्या की आत्या ती पुस्तकं लपवायची नाही. उलट म्हणायची, "बघ हवं तर, पण हात धुऊन ये."

दुसरा नाद टॅबलेटवरच्या शेतीच्या खेळाचा. त्या खेळात एक गाव आहे. तिथे कुणी कुणाला मारत नाही, वेळ संपल्याची घंटा वाजत नाही. मुळे लावायचे, पाणी घालायचं, कोंबड्या पाळायच्या, शेजाऱ्यांना भेटी द्यायच्या. आत्या शाकाहारी, पण तिथल्या ओढ्यावर मासे पकडायची. "पकडते. खात नाही, विकते," हा तिचा खुलासा. दोन कोंबड्यांना तिने मोठे साहेब आणि धाकटे साहेब अशी ऑफिसातली नावं दिली होती. रोज सकाळी त्यांना खुराड्यातून बाहेर काढताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते पेन्शनच्या दिवशीही मी पाहिलेलं नाही. या शेतीचा तिला इतका आत्मविश्वास आला होता की मंडईत भाजी घेताना ती म्हणे, "छे, या दिवसांत भोपळा असा पिवळा पडत नाही. माझ्याकडचे बघा." एकदा भाजीवाल्या मावशींनी कौतुकाने विचारलं, "आजी, कुठं हाय वो शेत तुमचं? आमचं लोणी काळभोरला हाय." आत्या म्हणाली, "त्याच्याही पलीकडे," आणि पिशवी उचलून निघाली.

असं सगळं सुखात चाललेलं असताना माझ्या बायकोच्या, मेधाच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं, पुढचे उपचारही ठरले. बातमी पसरली आणि आमच्याकडे रीतच आहे तसे नातेवाईक नेम धरू लागले. कुणी पारायण सुरू केलं, कुणी सोमवार धरले. माझ्या एका वहिनीने मेधासाठी कारलं सोडलं. आत्या तिथेच बसली होती. म्हणाली, "तू कारलं कधी खात होतीस?"

"तसं नाही आवडत मला," वहिनी म्हणाल्या.

"मग देवाला काय वाटेल? तूच त्याच्याकडून उपकार करून घेतेस."

आत्या स्वतः देवापुढे दिवा लावण्यापलीकडे कशात नव्हती. पण त्या संध्याकाळी जाताना दारात चपला घालत ती मेधाला म्हणाली, "हे बघ, मला असल्या गोष्टी जमत नाहीत. पण सोडायचंच तर आवडतं काहीतरी सोडावं. आजपासून माझी पुस्तकं बंद, शेत बंद. तू बरी होईपर्यंत." मेधा नको नको म्हणत राहिली. मला नंतर कळलं की मालिकेच्या नवव्या भागात, इतक्या छत्र्या झाल्यावर, नूडल्सवाला त्या बाईला पहिल्यांदा म्हणतो, "आज थांबशील?" आत्याने त्या पानावर खूण घालून पुस्तक मिटलं होतं.

आठवड्याभरात तिचा फोन आला. "नंदू, मी शेत सोडलंय. पण भोपळ्यांनी काय पाप केलंय? तू ये पाणी घालायला." अशा रीतीने वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी आत्याच्या शेतावर गडी म्हणून लागलो. मी टॅबलेट घेऊन खुर्चीत, आणि आत्या नेम मोडू नये म्हणून माझ्याकडे पाठ करून खिडकीशी. "मी बघत नाहीये हं," ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "पण डावीकडचा वाफा राहिला असेल. तुझा नेहमी राहतो." तिसऱ्या-चौथ्या दिवशी भलतंच बटण दाबलं गेलं आणि मोठे साहेब विकले गेले. मी घाबरत घाबरत सांगितलं. आत्याने खिडकीची काच पदराने पुसली. मग म्हणाली, "उभ्या नोकरीत मला जे जमलं नाही, ते तू एका बोटाने केलंस."

ऑपरेशन नीट झालं, पण पुढच्या उपचारांनी मेधा पार गळून गेली. केस गेले, जेवण जाईना, आणि मुख्य म्हणजे बोलणं गेलं. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आत्या मुक्कामाला आली. आली ती नववा भाग पिशवीत घालूनच.

"तुझा नेम आहे ना?" मी विचारलं.

"वाचणार नाही असं म्हटलंय. ऐकणार नाही असं कुठे म्हटलंय?"

"ही पळवाट झाली, आत्या."

"पळवाट कसली? तुझ्या तोंडून प्रेमकथा ऐकायची, यात पुरेशी तपश्चर्या आहे."

मग दुपारी हॉलमध्ये मी वाचायला बसलो. इंग्रजी बघायचं आणि मराठीत सांगायचं. आत्या सोफ्यावर, तोंड भिंतीकडे, कारण चित्र दिसलं तर ते वाचनात धरलं जाईल असं तिचं म्हणणं. नूडल्सवाला म्हणाला, आज थांबशील? ती थांबली. मी पान उलटलं आणि माझे कान तापले. आता सांगा, जिने मला लहानपणी न्हाऊ-माखू घातलं त्या बाईला मी हे मराठीत कसं सांगणार? या गोष्टींचे मराठी शब्द मला एक तर डॉक्टरी माहीत आहेत नाहीतर शाळेच्या मुतारीतले. मी घसा साफ केला. "मग... मग त्या दोघांनी चहा घेतला."

आत्या भिंतीला म्हणाली, "पुढे?"

मी पान उलटलं. "अजून घेताहेत."

"किती पानं उलटलीस?"

"सहा."

"सहा पानं चहा? नंदू, मी ऑडिटमध्ये होते. खर्च एवढा आणि पावती एकच?"

आणि आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग खराखुरा. कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. मग मेधाची बारीक हाक आली, "अहो, मोठ्याने वाचा ना. इकडे नीट ऐकू येत नाही. आणि आत्या म्हणतात ते खरं आहे. तुम्ही पानं खाताय."

त्या दिवसापासून वाचन आतल्या खोलीत सुरू झालं. मी लाज गुंडाळून ठेवली. जिथे माझी मराठी संपायची तिथे मेधा पुस्तक हातात घेऊन चित्र बघायची आणि आत्याला म्हणायची, "आत्या, छान आहे हो." आत्या भिंतीकडे बघत विचारायची, "हात कुठे आहेत त्यांचे?" "चेहऱ्यावर." "कुणाच्या?" "तिच्या." "बरं," आत्या म्हणायची, आणि थोड्या वेळाने, "चित्रं काही ऐकू येत नाहीत मेली."

उपचार संपले. शेवटच्या भेटीला आत्या आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आली. रिपोर्ट चांगले होते. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी दाखवा. आत्याने विचारलं, "म्हणजे ही बरी झाली ना?"

"छान प्रगती आहे."

"ते मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहितात. बरी झाली का?"

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "आजी, या आजारात बरी झाली असं आम्ही पाच वर्षांनी म्हणतो."

आत्या उठता उठता परत बसली. "पाच वर्षं? अहो, मी सत्तरी ओलांडली आहे, आणि ते दोघं आत्ता कुठे एका खोलीत राहायला लागलेत." डॉक्टरांना कोण दोघं ते कळलं नाही. मी त्यांना समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

पण नेम म्हणजे नेम. आत्या तिच्या घरी परत गेली तरी पुस्तकाला हात लावेना. मी म्हटलं, देव इतकं बघत नाही गं. ती म्हणाली, "देवाचं नाही. मी मेधाला शब्द दिलाय." इकडे मेधा हिंडूफिरू लागली होती, केस येत होते, पण कुणी कशी आहेस विचारलं की म्हणायची, "बघू आता सहा महिन्यांनी." नवीन साडी नको, सईकडे जाण्याचं तिकीट नको, लोणचंसुद्धा घालायला नको. सगळं सहा महिन्यांनी. जणू तिला कुणी उसनं आणलं होतं आणि परत न्यायला यायचं होतं.

मग एका रविवारी आम्ही आत्याकडे गेलो. मी नेहमीसारखा वाचत होतो, आत्या नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून. एका ठिकाणी दोन पानं पसरून नुसतं चित्र होतं. मजकूर शून्य. मी म्हणालो, "काही लिहिलेलं नाही. बर्फ पडतोय आणि ती दोघं बघताहेत." आत्याची मान किंचित वळली, आणि तिने ती परत जागेवर आणली. मी पुढचं पान काढणार, तेवढ्यात मेधा म्हणाली, "थांबा. आत्या, मी बरी आहे."

आत्या भिंतीकडेच बघत होती. "डॉक्टर म्हणाले?"

"नाही. मी म्हणते आहे."

"माझ्यासाठी म्हणू नकोस. मला काही घाई नाही." हे म्हणताना तिचा हात चष्म्याचं घर शोधत होता.

"बरी आहे मी, आत्या," मेधा परत म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने, आणि तिचे डोळे भरून आले. आत्या वळली. आधी मेधाकडे नीट, निरखून बघितलं, पावती तपासावी तसं. मग पुस्तकाकडे. ते बर्फाचं चित्र ती किती वेळ बघत होती कोण जाणे. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. खरोखरचा.

नेम संपला की उद्यापन आलं. मेहूण म्हणून आम्हा दोघांनाच जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, मेधाची ओटी. आणि सोडलेली वस्तू दान करायची रीत असते, म्हणून आत्याने मालिकेचा सगळा संच तिच्या हातावर ठेवला. मी म्हटलं, "अगं, आमच्याच मुलीची पुस्तकं आम्हालाच दान?"

"दान घेताना बोलू नये. आता वाचायचं असलं की मला तुमच्याकडेच यावं लागणार, त्याला इलाज नाही."

त्याप्रमाणे ती येत राहिली. दर गुरुवारी दुपारी, मेधा आणि ती, पलंगावर पाय सोडून, एकच पुस्तक दोघींच्या मध्ये. मला आत प्रवेश नव्हता. आत्या गेली ती गेल्या थंडीत, झोपेत, कुणाला कसलाही त्रास न देता. टॅबलेट उशाशी होता. मी उघडून पाहिलं तर सगळ्या वाफ्यांना पाणी घातलेलं होतं.

गेल्या महिन्यात मेधाची तपासणी होती. आत्याशिवायची पहिलीच. बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. डॉक्टरांची पाच वर्षं अजून पुरी व्हायची आहेत. मी विचारलं, "भीती वाटते का गं?"

मेधा म्हणाली, "वाटते की. पण मी बरी आहे असं आत्यांना सांगून बसले आहे ना. त्या असत्या तर एखादवेळेस शब्द परत घेतला असता. आता कुणाकडून घेऊ?"