नाकावरची विभूती

शेजारचे काका गंभीर होते, असं कुणी म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. रोज लिंगपूजा झाली, कपाळावर पट्टे ओढले, की बोटाला उरलेली विभूती ते घरातल्या एकेकाच्या नाकाच्या शेंड्याला लावायचे. बायको, सुना, नात, कुणाची सुटका नव्हती. मी ताक मागायला गेले की मलाही. वर म्हणायचे, "देवालाबी हसरं घर लागतंय की."

ते गेले तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवलं होतं, हातात इष्टलिंग, कपाळभर विभूती. नातीनं पुढे होऊन आजोबांच्या नाकाला विभूतीचं बोट लावलं. वैरागहून आलेल्या एका पाहुण्यानं ते टॉवेलानं खसकन पुसलं आणि पोरीवर डाफरला, "खेळ हाय व्हय हा? लई गंभीर माणूस होता."

आजारपणात एकदाही न फिरकलेल्या माणसानं हे आम्हाला सांगावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत काकू उठल्या. रडून डोळे सुजले होते. विभूतीत बोट बुडवून त्यांनी ते काकांच्या नाकावर टेकवलं. मग वळून पाहुण्याच्या.